गणपतीला गावी जाताना घरच्या पोपटाची सोय कशी लावावी

"अगं, वाटी तर रोज भरलेली होती," शेजारच्या काकू सांगत होत्या, आणि ते अगदी खरं होतं. वाटी काठोकाठ भरलेली दिसत होती. मी ती पिंजऱ्यातून काढली आणि हलकेच फुंकर मारली. वरची टरफलं उडून ओट्यावर पसरली आणि तळाशी राळ्याचे जेमतेम दहा-बारा दाणे उरले. पोपट दाणा सोलून आतला गर खातो आणि साल तिथंच टाकतो. त्यामुळे रिकामी वाटीसुद्धा लांबून भरलेलीच दिसते. आम्ही गणपतीला पाच दिवस गावी होतो. जाताना ९४ ग्रॅमचा असलेला आमचा कॉकटेल (कॉकाटील) जातीचा तुरेवाला पोपट, गोटू, ८३ ग्रॅमवर आला होता. काकूंची यात काडीचीही चूक नव्हती. फुंकर मारून बघायला मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी आम्ही गणपतीला गावी जातो आणि गोटू डोंबिवलीतच राहतो, तोही मजेत. ते कसं जमलं, ते इथं क्रमानं लिहिते आहे. उदाहरण गणपतीचं घेतलंय, कारण मुंबई-ठाण्यातल्या माणसाची मोठी सुट्टी तीच. शिवाय पावसाळा, ढोल-ताशे, धूप-कापूर आणि बंद घर हे सगळं त्याच आठवड्यात एकत्र येतं. दिवाळीला आणि मे महिन्यात थोडाफार फरक करावा लागतो. तोही ओघात येईल.

आधी एक गोष्ट सांगते. पोपटाची सोय म्हणजे दाण्यापाण्याची सोय असं आपण धरून चालतो, पण दाणापाणी हा त्यातला सोपा भाग आहे. पोपट हा थव्यात राहणारा पक्षी, आणि घरात आपणच त्याचा थवा. ओळखीचे आवाज एका दिवसात गायब झाले आणि अनोळखी हात पिंजऱ्यात शिरायला लागला, तर समोर दाणे असूनही तो खाणं टाकतो. म्हणून तयारीला आठ दिवस नव्हे, महिना द्या. तुमच्या जागी येणारं माणूस तुम्ही निघायच्या आधी त्याच्या ओळखीचं झालेलं असायला हवं.

तुमच्या घरी नेमका कोणता पोपट आहे?

हिरव्या अंगाचा, लाल चोचीचा, नराच्या गळ्याला कंठ असलेला आपला राघू हा देशी पक्षी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणं, विकणं आणि विकत घेणं गुन्हा आहे. आजोळच्या पडवीत पिंजरा टांगलेला पाहूनच आपण मोठे झालो, म्हणून हे पटकन पचनी पडत नाही, पण कायदा तसा आहे आणि त्याला कारणही तसंच आहे. ढोलीतून पिल्लं काढताना आणि पोत्यांतून, खोक्यांतून त्यांची ने-आण करताना फार पिल्लं मरतात. तुमच्याकडे असा राघू असेल तर सुट्टीपुरता तो कोणाकडे ठेवायचा याच्या आधी वनविभागाशी बोला. खिडकी उघडून त्याला सोडून मात्र देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, कावळ्यांपासून जीव वाचवता येत नाही.

इथून पुढचं सगळं परदेशी जातींसाठी आहे: बजरी, कॉकटेल, लव्हबर्ड, कोन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाव वगैरे. आपल्याकडे बजरीलाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात, पण हे दोन वेगळे पक्षी आहेत. पक्षी सांभाळणाऱ्याला खरं नाव सांगून ठेवा. अडीनडीला डॉक्टर फोनवर पहिल्यांदा तेच विचारतात.

कोन्युअर, ग्रे, मकाव हे पक्षी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमध्ये आहेत. २०२४च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बजरी, कॉकटेल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड त्या याद्यांमध्ये नाहीत. नोंदणी केलेली असेल तर प्रमाणपत्राची एक झेरॉक्स पक्ष्याबरोबर ठेवा, मग तो तुमच्याच घरी राहणार असला तरी.

न्यायचा, ठेवायचा की कुणाकडे द्यायचा

"बरोबरच नेऊ की, गाडी तर आपलीच आहे" हा विचार पहिल्या वर्षी आमच्याही मनात आला होता. गणपतीत पोपटाला गावी नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत महामार्गावर किती तास मोडतील याचा भरवसा नसतो, आणि घाटाच्या वळणांवर काही पक्षी चक्क ओकतात. पोचल्यावर घर पाहुण्यांनी भरलेलं, मागच्या पडवीत चुलीचा धूर, दार दिवसभर सताड उघडं, वाड्यात मांजरं. साप पिंजऱ्यातला पक्षी खायला शिरतात, हेही कोकणातल्या माणसाला नव्यानं सांगायला नको. जायचंच असेल, तर एकाच घरात महिनाभर मुक्काम असताना न्या, चार दिवसांसाठी त्याला हा ताण देऊ नका.

नेणं अगदी टळणार नसेल तर छोटा प्रवासी पिंजरा घ्या आणि तो सीटच्या पट्ट्यानं बांधा. आतला झोका काढून टाका. पाण्याची वाटी हिंदकळून पक्षी भिजतो, म्हणून काकडीच्या किंवा सफरचंदाच्या फोडी अडकवा आणि थांबाल तेव्हा पाणी पाजा. एसीचा झोत अंगावर येऊ देऊ नका. आणि चहाला उतरताना बंद गाडीत त्याला एकटं ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही.

उरले तीन मार्ग. घरी कुणीतरी येऊन राहणं, घरी कुणीतरी दिवसातून दोनदा येऊन जाणं, किंवा पक्षी दुसऱ्याच्या घरी ठेवणं. बजरीची किंवा कॉकटेलची जोडी असेल तर त्यांना एकमेकांची सोबत असते. त्यांच्यासाठी स्वतःच्या पिंजऱ्यात, ओळखीच्या खोलीत राहणं आणि दोन फेऱ्या पुरतात. एकटा, हातावर वाढलेला ग्रे किंवा कोन्युअर असेल तर दोन फेऱ्यांवर भागत नाही. एकटेपणात असे पक्षी स्वतःची पिसं उपटायला लागतात, आणि एकदा लागलेली ती सवय महिनोन् महिने सुटत नाही. त्यांच्यासाठी घरात राहणारं माणूस हवं, नाहीतर ज्या घराशी त्यांची आधीपासून ओळख आहे ते घर हवं.

दोन दिवसांचे दाणे भरून, कुलूप लावून निघून जाणं हा मार्ग मी धरतच नाही. पाण्यात शीट पडते, नळीच्या बाटलीतली गोळी अडकते, पावसाळ्यात भिजवलेले दाणे काही तासांत आंबतात. बजरी ३०-४० ग्रॅमची असते. तिनं एक दिवस काही खाल्लं नाही तर ते तिच्या जिवावर बेतू शकतं.

माणूस निवडताना

पक्ष्यांची आवड असलेल्या माणसापेक्षा वेळ पाळणारं माणूस बघा. आमच्या काकूंना पक्ष्यांची फारशी आवड नव्हती, पण सकाळी सातला त्यांच्या दाराची कडी वाजते म्हणजे वाजतेच. शिवाय त्यांचा गणपती दीराकडे पुण्याला बसतो आणि त्या दर्शन घेऊन दुसऱ्याच दिवशी परततात, म्हणजे उरलेल्या दिवसांत त्या घरीच असतात. तो मधला एक दिवस कोण बघणार हे मी आधीच ठरवलं, वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीला सांगितलं. दोन माणसं हवीतच. पहिलं आजारी पडलं, अडकलं, तर दुसऱ्याकडे किल्ली असली पाहिजे.

माणसाला विचारायचं राहून जातं अशी एक गोष्ट म्हणजे दमा. कॉकटेल, काकाकुआ आणि ग्रे यांच्या पिसांतून पांढरी भुकटी पडते आणि ती दम्याच्या माणसाला सोसत नाही. आजारी पक्ष्याच्या वाळलेल्या शिटेतून माणसालाही सिटॅकोसिस नावाचा ताप-न्यूमोनिया होऊ शकतो. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. ट्रेमधला कागद झाडून काढू नये, आधी पाण्यानं ओला करून मग गुंडाळावा, आणि हात साबणानं धुवावेत, एवढंच नीट सांगा. गरोदर बाईवर किंवा फार वयस्कर माणसावर हे काम टाकू नका.

महिना आधीपासून

पहिल्या आठवड्यात पक्ष्याला डॉक्टरांना दाखवून आणा. गल्लीतले बहुतेक प्राण्यांचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे असतात, म्हणून पक्षी बघतात का हे फोन करून विचारा. मुंबईत परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात पक्षीही आणले जातात. मोठ्या शहरांत आता फक्त पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टरही सापडतात. सणाच्या दिवसांत त्यांचा दवाखाना उघडा आहे का आणि रात्री कुठं न्यायचं, हेही तेव्हाच विचारून घ्या.

त्याच आठवड्यापासून वजन करायला लागा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. त्यावर छोटी काडी ठेवून पक्ष्याला बसवा. वेळ एकच ठेवा: सकाळी उठून पहिली शीट झाल्यावर, खाण्याच्या आधी. पोपट आजार लपवतात, कारण रानात अशक्त दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी जातो. पिसं फुगवून बसलेला दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. काटा मात्र आधी सांगतो. नेहमीच्या वजनात एक दशांश घट झाली तर डॉक्टर गाठायचे. ९४ ग्रॅमच्या गोटूसाठी ती रेघ ८५वर आहे, आणि तो आकडा मी पिंजऱ्याला चिकटवूनच ठेवला आहे.

आता ओळख. पहिले चार दिवस काकूंनी फक्त येऊन खोलीत बसायचं, चहा प्यायचा, गोटूकडे बघायचंसुद्धा नाही. मग पिंजऱ्याशेजारी उभं राहून बोलायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच वाटी बदलायची आणि मी खोलीबाहेर थांबायचं. पहिल्या वेळी गोटूनं तुरा ताठ उभा केला, फिस्‌ केलं आणि पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात गेला. काकूंनी हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी तुरा अर्धा खाली आला. कॉकटेलचा तुरा वाचायला शिका आणि शिकवा. ताठ उभा म्हणजे दचकलाय, डोक्याला चापून सपाट म्हणजे चिडलाय किंवा फार घाबरलाय, अर्धा उभा सैल म्हणजे ठीक आहे.

खाण्यात नवीन काही आणायचं असेल तर तेही याच महिन्यात. सुट्टीच्या आठवड्यात दाणे बदलू नका, पिंजरा बदलू नका, जागा हलवू नका. नवीन खेळणंसुद्धा निदान दहा दिवस आधी लावा. अंडी घालणारी मादी असेल तर घरट्याची पेटी, कोनाड्यात ठेवलेलं मडकं वगैरे काढून टाका. अंडं अडकणं ही तातडीची बाब आहे आणि ती नवख्या माणसाच्या अंगावर टाकू नये.

दाणे हवाबंद डब्यात भरा, पण दोन डबे करा. भादव्याच्या दमट हवेत दाण्यांना आणि विशेषतः शेंगदाण्यांना बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष पक्ष्याच्या यकृतावर जातं. एक डबा रोजच्या वापराचा, दुसरा न उघडलेला. मी तर सुट्टीत शेंगदाणे काढूनच टाकते.

धूर, पंखा, प्रसाद

या तीन गोष्टींपायी घरातले पोपट दगावतात, म्हणून इथं जरा थांबते.

पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते आणि श्वासाबरोबर आलेलं सगळं फार लवकर रक्तात उतरतं. आपल्याला नुसता वास येतो तिथं त्याला विषबाधा होते. सगळ्यात घातक आहे नॉनस्टिकचा तवा किंवा कढई. गॅसवर रिकामी राहून फार तापली की तिच्या लेपातून निघणारा वायू काही मिनिटांत पक्षी मारतो, आणि त्याला धड वासही नसतो. सांभाळायला आलेलं माणूस घरात चहा-नाश्ता करणार असेल तर नॉनस्टिक भांडी निघण्याआधी माळ्यावर टाका. नुसतं "वापरू नका" म्हणून सांगण्यावर राहू नका.

डासांची कॉइल, अगरबत्ती, धूप, कापूर, डांबराच्या गोळ्या, अत्तराचे फवारे, मिरचीच्या फोडणीचा ठसका, हे सगळं त्याच्यापासून लांब हवं. पावसाळ्यात पालिकेची धूर फवारणी येते तेव्हा खिडक्या लावायच्या, हेही सांगून ठेवा. सांभाळणाऱ्याच्या घरी गणपती बसत असेल तर पक्षी तिकडे न्यायचा नाही. धूप, आरत्या, दिवसभराची वर्दळ एकत्र आल्यावर कितीही माया असली तरी ते घर त्या आठवड्यात पोपटासाठी योग्य नाही.

पंखा. आपल्या घरांत छताचा पंखा असतो आणि मोकळा सोडलेला पोपट उंचच उडतो. मी तर नवख्या माणसाला पक्षी बाहेर काढूच नका असं सांगते. मोठा पिंजरा, आत पुरेशी खेळणी, आणि रोजचा अर्धा तास गप्पा, आठवड्यासाठी एवढं पुरतं. ग्रेसारख्या पक्ष्याला बाहेर काढणं भाग असेल तर क्रम पाठ करून घ्या: पंखा बंद, खिडक्या बंद, संडास-बाथरूमचं दार बंद, गॅस बंद, मुख्य दाराला आतून कडी, मग पिंजरा. पंख कातरलेले आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. दोन-तीन पिसं नव्यानं आली आणि वारा मिळाला की तो बाल्कनीतून समोरच्या झाडावर पोचतो.

प्रसाद. हे प्रेमापोटी होतं. "एक घास दिला त्याला मोदकाचा, किती आवडीनं खाल्ला!" मोदकाच्या एका कणानं काही होत नाही, पण एकदा चालतं म्हटल्यावर पुढं फरसाण, चिवडा, चॉकलेट, चहात बुडवलेलं बिस्कीट येतं. चॉकलेट, चहा, कॉफी, कच्चा कांदा-लसूण, दारू, खारट तळलेले पदार्थ आणि अ‍ॅव्होकाडो हे कधीच नाही. सफरचंद द्यावं, पण बिया काढून. प्रेमानं काही द्यावंसं वाटलं तर काय द्यायचं तेही सांगा, म्हणजे मन मोडत नाही. आमच्याकडे काकू हिरवी मिरची देतात. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. गोटू ती पायात धरून बिया वेचून खातो आणि काकूंना ते बघायला फार आवडतं.

चिठ्ठी

तोंडी सांगितलेलं अर्धं विसरतं. फोनवर पाठवलेलं वर सरकून जातं. एका कागदावर, मोठ्या अक्षरात, पिंजऱ्याशेजारच्या भिंतीवर लावा. आमची चिठ्ठी जशी आहे तशी उतरवते:

सकाळी ७: आधी "गोटू" म्हणून हाक मारा, मग पांघरूण काढा. ट्रेमधला कागद बघा, मग बदला.
पाणी ओतून टाका, वाटी घासा, नवीन पाणी भरा. थोडं कमी झालंय म्हणून वरून घालू नका.
दाण्याच्या वाटीवर बाहेर नेऊन फुंकर मारा. उरलेले दाणे बघा. रोज जुने टाकून दोन चमचे नवीन घाला.
भाजी: मोड आलेले मूग, गाजराचा कीस, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला, यांतलं एक, चमचाभर. ११ वाजता उरलेलं काढून टाका.
काट्यावर बसला तर वजन लिहा. नाही बसला तर राहू द्या, मागे लागू नका.
संध्याकाळी ६: पाणी पुन्हा बदला. अर्धा तास जवळ बसा. रेडिओ लावा.
रात्री ८: दिवा बंद, पांघरूण तीन बाजूंनी, पुढची बाजू उघडी. खोलीतला छोटा दिवा चालू ठेवा.
वजन ८५ किंवा कमी: लगेच डॉक्टर. आम्हाला फोन नंतर केला तरी चालेल.

शेवटची ओळ मी मुद्दाम घातली. माणसं परवानगी विचारण्यात वेळ घालवतात, गावी रेंज नसते आणि तेवढ्यात दिवस जातो. डॉक्टरांचं नाव, पत्ता, दवाखान्याच्या वेळा आणि पाकिटात पैसे चिठ्ठीखालीच टाचून ठेवा. न्यायचा पिंजरा त्याच्या शेजारी.

रात्रीची ओळ अशीच अनुभवातून आली. पोपटांना दहा-बारा तासांची झोप लागते आणि कॉकटेल अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटत सुटतात. नवीन वाढणारं पीस मोडून रक्त यायला लागतं. ढोल-ताशाच्या दिवसांत तर हे हमखास. दीड दिवसाच्या, पाच दिवसांच्या, गौरी-गणपतीच्या आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला पिंजरा रस्त्याच्या बाजूच्या खोलीत असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधीच आतल्या खोलीत हलवा, त्या रात्रीच नको. दिवाळीत फटाक्यांसाठीही हेच. मे महिन्यात आवाजापेक्षा उष्मा भारी पडतो. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसला असेल तर त्याला उकडतंय. अशा वेळी खोली थंड करा आणि पायांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. बर्फाचं पाणी नको.

सराव

निघण्याच्या दोन आठवडे आधी एक शनिवार-रविवार खरोखरच घराबाहेर राहा. जवळच कुठं तरी, पण रात्र बाहेर काढा. या दोन दिवसांत जे बिघडेल ते दुरुस्त करायला वेळ असतो. आमच्या सरावात कळलं की काकूंना पिंजऱ्याच्या छोट्या दाराची खटकी उघडत नाही. आम्ही ती बदलली. एका मैत्रिणीच्या सरावात कळलं की तिचा कोन्युअर पुरुषाचा हात दिसला की चावतो, म्हणून भावाऐवजी वहिनी आली.

व्हिडिओ कॉलही सरावातच करून बघा. काही पक्षी आपला आवाज ऐकून खूश होतात, शिट्टी घालतात. काही मात्र आवाज येतोय आणि माणूस दिसत नाही म्हणून बेचैन होतात, कॉल संपल्यावर तासभर ओरडतात. गोटू दुसऱ्या प्रकारातला आहे, म्हणून आम्ही गावाहून त्याच्याशी बोलत नाही. काकू मला रोज दोन फोटो पाठवतात: एक गोटूचा, एक ट्रेमधल्या कागदाचा. शिटेत तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा दिसला, घट्ट भागच नसला, रक्त दिसलं किंवा एकूण शिटा निम्म्यावर आल्या, तर मी लगेच फोन करते.

आजारी वाटला तर पहिल्या तासात

पिसं फुगवून दिवसा झोपलेला, पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली हलणारा, किंवा ओकलेलं डोक्याच्या पिसांना चिकटलेला, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. बुटाच्या खोक्यात मऊ कापड घाला, झाकणाला भोकं पाडा, पक्षी आत ठेवा. खोक्याच्या एका बाजूला बाहेरून उबेसाठी दिवा लावा, म्हणजे आत ३० अंशांच्या आसपास ऊब राहील आणि गरम झालं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. तोंडात पाणी, दूध, माणसाचं औषध काहीही घालायचं नाही. ते श्वासनळीत गेलं तर त्यातच जीव जातो. नखातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट दाबून धरावी. मग खोकं घेऊन थेट दवाखान्यात.

पैसे देऊन ठेवायचा असेल तर

पाळीव प्राण्यांची राहण्याची सोय करणारी ठिकाणं आता बरीच झाली आहेत, पण बहुतेकांची रचना कुत्र्या-मांजरांसाठी असते. स्वतः जाऊन बघा. पक्ष्यांची खोली वेगळी आहे का, दारं दोन आहेत का, रात्री कोण राहतं, आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरांकडे नेतात, हे विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते तुम्हाला काय विचारतात ते ऐका. जिथं तुमच्या पक्ष्याच्या तब्येतीचा कागद न मागता, एकही प्रश्न न विचारता पिंजरा ठेवून घेतात, तिथं इतरांचेही पक्षी तसेच घेतलेले असतात. चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग पिसांच्या भुकटीतून पसरतो आणि त्यावर औषध नाही. अशा ठिकाणी मी पक्षी ठेवणार नाही, मग भाडं कितीही कमी असो.

निघताना आणि परतल्यावर

निघायच्या दिवशी बॅगा त्याच्यासमोर भरू नका. निरोपही लांबवू नका. रोज ऑफिसला जाताना जे म्हणता तेच म्हणा. गॅस सिलिंडरचं बटण, गळका नळ, उघडी खिडकी बघून झाल्यावर पिंजऱ्याच्या प्रत्येक दाराची खटकी हातानं ओढून बघा. किल्ल्या दोघींकडे पोचल्यात याची खात्री करा.

परतल्यावर पहिलं काम वजन. मग आठवडाभर रोज. पक्षी दुसरीकडे इतर पक्ष्यांसोबत राहून आला असेल आणि घरी आणखी पक्षी असतील, तर त्याला निदान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. त्याचं दाणापाणी सगळ्यांच्या शेवटी करा.

काही पक्षी आल्या आल्या अंगावर झेपावतात, काही पाठ फिरवून बसतात, एखादा कडकडून चावतो. रागवू नका, मागेही लागू नका. नेहमीच्या वेळा लगेच सुरू करा. गोटू पहिला दिवस माझ्याकडे येत नाही, खिडकीच्या बाजूच्या काडीवर बसून राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पांघरूण काढलं की मान खाली घालून खाजवायला पुढे करतो.

गावचे मोदक आणि उकड्या तांदळाची पिशवी घेऊन काकूंकडे जाल तेव्हा एक गोष्ट आवर्जून विचारा: चिठ्ठीत काय नव्हतं? मागच्या वर्षी त्या म्हणाल्या, "सहाला येते तेव्हा तो आधीच शिट्ट्या घालायला लागलेला असतो. लिफ्टचा आवाज ओळखतो. मी जिन्यानं आले की दचकतो." या वर्षीच्या चिठ्ठीत ती ओळ घातली आहे: काकू, लिफ्टनं या.